रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप आणि चांद्याचे बोलके दगड

नागपूरचें हिस्लॉप कॉलेज आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस ऐकून तरी ठाऊक असेल. कोणाचे वडील तेथें शिकले असतील, कोणाचे थोरले बंधु तेथें शिकत असतील, आणि शाळेचा अभ्यासक्रम संपल्यावर आपणही तेथें जावें अशी कित्येकांची मनीषा असेल. परंतु हे हिस्लॉप कोण होते असें विचारलें, तर कोणी तरी मिशनरी गृहस्थ असावेत, यापलीकडे सहसा उत्तर येत नाहीं. ज्यांच्या नांवानें एक खनिज, पाण्यांत राहणारा एक सूक्ष्म प्राणी, एक प्राचीन मासा आणि मगरीसारखा एक प्राचीन सरपटणारा प्राणी शास्त्रज्ञ आजही ओळखतात, आणि ज्यांच्यामुळें आपल्या चांदा जिल्ह्यांतील एका खेड्याचें नांव लंडनच्या विद्वत्सभेंत उच्चारलें गेलें, त्यांची हकीकत याच मुलुखांतील मुलांस ठाऊक नसावी, ही गोष्ट आम्हांस बरी वाटत नाहीं. म्हणून या अंकांत त्यांचें चरित्र थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडच्या दक्षिणेकडील डन्स या लहानशा गांवीं ८ सप्टेंबर १८१७ रोजीं झाला. किडे, फुलपांखरें व दगडांत उमटलेले प्राचीन जीवांचे ठसे जमविण्याचा नाद त्यांस लहानपणींच लागला होता. पुढें एडिंबरो व ग्लासगो येथील विद्यापीठांत त्यांचें शिक्षण झालें. धर्मशास्त्राचें अध्ययन हा त्यांचा मुख्य विषय. तरी बालपणींचा तो नाद त्यांनीं सोडला नाहीं. १८४३ सालीं स्कॉटलंडांतील धर्मसंस्थेंत मोठी फूट पडून फ्री चर्च ही निराळी संस्था निघाली, तिला ते मिळाले. पुढल्याच वर्षीं विवाह करून ते सपत्नीक हिंदुस्थानास निघाले, आणि डिसेंबर १८४४ मध्यें मुंबईस उतरून १८४५ च्या आरंभीं नागपुरास येऊन पोहोंचले.

त्या काळचें नागपूर डोळ्यांपुढें आणलें पाहिजे. तेथें भोसल्यांचें राज्य होतें, व तिसरे रघूजी महाराज गादीवर होते. ते १८५३ च्या अखेरीस वारले आणि पुढल्या वर्षीं राज्य खालसा झालें. नागपुरास आगगाडी आली ती १८६७ सालीं, म्हणजे हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनीं. मुंबईहून नागपुरापर्यंतचा सारा प्रवास घोड्यावरून किंवा बैलांच्या दमणींतून करावा लागे. अशा ठिकाणीं या तरुण गृहस्थांनीं मराठी भाषा शिकून घेतली, १८४६ सालीं शहरांत शाळा काढली, आणि उरलेलें सारें आयुष्य त्या शाळेस व आसपासच्या खेड्यांस वाहिलें. पुढें १८८३ सालीं जें कॉलेज स्थापन झालें तें त्याच शाळेचें वाढलेलें झाड होय.

१८४७ सालीं त्यांस रॉबर्ट हंटर नांवाचे सहकारी मिळाले. दोघेही तरुण, दोघेही निसर्गाचे वेडे. सकाळ-संध्याकाळ शहराबाहेर फिरावयास जावें, आणि फिरतां फिरतां वाटेवरचे दगड उचलून पाहावे, असा त्यांचा परिपाठ पडला. नागपूरच्या पश्चिमेस टाकळी म्हणून एक गांव आहे. त्या बाजूस काळ्या दगडाचे थर आहेत. हा काळा दगड म्हणजे फार प्राचीन काळीं भूमीच्या पोटांतून उसळून आलेला व मग थिजलेला तप्त रस होय, हें आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी भूगोलांत शिकतात. १८५१ च्या सुमारास या दोघां मित्रांस तेथें, काळ्या दगडाच्या दोन थरांच्या मध्यें, मातीच्या एका पातळ थरांत गोड्या पाण्यांतील शंखशिंपले सांपडले. आगीच्या दोन लोटांच्या मध्यें तळ्यांतला शिंपला कसा आला? याचें उत्तर एकच होतें. एक लोट थिजून थंड झाला, त्यावर पावसाचें पाणी सांचून तळीं झालीं, त्यांत जीव नांदूं लागले, कांठीं झाडें उगवलीं, आणि मग कित्येक हजार वर्षांनीं दुसरा लोट येऊन सारें गाडून टाकलें. त्या थरांत पुढें फळें, बिया, लांकडाचे तुकडे, इतकेंच काय पण भुंगेऱ्यांच्या पंखांवरील कठीण कवचेंही त्यांस मिळालीं. ज्या माळावर रोज गुरें चरत होतीं, त्या माळाखालीं एक संपूर्ण नाहींसें झालेलें जग निजलेलें होतें.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. हिस्लॉप यांच्या काळीं ज्यास चांदा म्हणत, त्या मुलुखाचे आज दोन जिल्हे झाले आहेत. १९८२ सालीं गडचिरोली निराळा झाला. नागपूरच्या दक्षिणेस सुमारें ६० मैलांवर, वर्धा नदीच्या खोऱ्यांत, मांगली नांवाचें खेडें आहे. तेथील वालुकाश्मांतून निघालेली एक कवटी हिस्लॉप व हंटर यांनीं लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाकडे पाठविली. ती कवटी रिचर्ड ओवेन यांच्या हातीं गेली. डायनोसॉर हें नांव ज्यांनीं १८४२ सालीं शास्त्रास दिलें, तेच हे ओवेन. त्यांनीं ती पाहून, ही बेडकाच्या दूरच्या नात्यांतील, आतां पृथ्वीवर कोठेंही न उरलेल्या अशा एका मोठ्या उभयचर प्राण्याची कवटी आहे, असा निर्णय दिला. चेहरा आंखूड व डोकें रुंद असल्यामुळें तिचें नांव ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असें ठेवलें, आणि १८५५ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. हा प्राणी सुमारें २५ कोटि वर्षांपूर्वीं आपल्या या भागांतील पाणथळींत हिंडत होता. ती कवटी आज लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयांत आहे. मांगलीच्याच दगडांत सांपडलेल्या एका इवल्याशा कवचधारी जलचरास रूपर्ट जोन्स या पंडितांनीं मांगली गांवावरूनच नांव दिलें. ज्या गांवास धड रस्ता नव्हता, त्याचें नांव लॅटिन भाषेच्या वेषांत शास्त्राच्या ग्रंथांत कायमचें जाऊन बसलें.

येथें आमच्या वाचकांनीं एक क्षण थांबून विचार करावा, अशी आमची विनंति आहे. नागपुरांत बसलेल्या एका शाळामास्तराजवळ काय साधनें होतीं? हातोडा, कापूस, कागद, लांकडी पेट्या आणि शाई. प्रयोगशाळा नव्हती, मोठें ग्रंथालय नव्हतें, चर्चा करावयास विद्वानांची सभा नव्हती. सुएझचा कालवा १८६९ सालीं खुला झाला, तेव्हां त्यापूर्वीं पाठविलेल्या पेटीस विलायतेस पोहोंचावयास व तिचें उत्तर यावयास किती महिने लागत असतील याची कल्पना करावी. असें असूनही या गृहस्थांनीं जगांतील उत्तमोत्तम जाणकारांस आपल्या कामांत सामील करून घेतलें. कवटी ओवेन यांच्याकडे गेली. टाकळीचे भुंगेरे अँड्र्यू मरे यांनीं तपासले. दगडांतील पानांचे ठसे सर चार्ल्स बनबरी यांनीं वर्णिले. मालेरी येथून मिळालेले माशांचे दांत कलकत्त्यास टॉमस ओल्डहॅम यांनीं पाहिले, आणि १८५९ सालीं त्यांतील एका जातीस हिस्लॉप यांचें व दुसरीस हंटर यांचें नांव दिलें. नागपूरच्या तलावांतील एका सूक्ष्म प्राण्यास मुंबईच्या कार्टर यांनीं हिस्लोपिया म्हटलें. एकट्यास जें साधणें नाहीं, तें दहा जणांनीं मिळून साधावें, आणि ज्याचें श्रेय त्यास द्यावें, हा शास्त्राच्या व्यवहाराचा नियम त्यांनीं उत्तम जाणला होता.

या व्यवहारांतील एक गोष्ट रसायनशास्त्राशीं जडलेली आहे, ती विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. टाकळी येथें हिस्लॉप यांस गवतासारख्या हिरव्या रंगाचें एक खनिज मिळालें. तें दिसावयास सुंदर होतें, पण तें काय आहे हें डोळ्यांनीं पाहून सांगतां येईना. तें डब्लिनचे प्राध्यापक सॅम्युएल हॉटन यांच्याकडे गेलें. हॉटन यांनीं त्याचें रासायनिक पृथक्करण केलें. चुनखडीचा दगड अम्लांत टाकला असतां फसफसून विरघळतो, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं प्रयोगशाळेंत पाहिलें आहे. या खनिजांतील चुन्याचा भाग तसाच विरघळणारा होता. आणि त्यास हिरवा रंग देणारें द्रव्य निराळें, लोह व वाळूच्या जातीचें, असें दिसून आलें. हॉटन यांनीं १८५९ सालीं त्यास हिस्लोपाइट हें नांव दिलें, आणि नागपूरकडच्याच दुसऱ्या एका मातीसारख्या खनिजास हंटराइट म्हटलें. भूमीच्या घटकांचें रसायन शोधणाऱ्या शास्त्रास भूरसायनशास्त्र म्हणतात. हा शब्द शोनबाइन नांवाच्या जर्मन रसायनज्ञानें १८३८ सालीं प्रथम वापरला. म्हणजे हें शास्त्र नुकतेंच पाळण्यांत होतें. त्या तान्ह्या शास्त्राच्या हातीं विदर्भांतला एक हिरवा खडा देण्याचें काम एका शाळामास्तरानें केलें.

हिस्लॉप यांचे सर्वच निर्णय बरोबर ठरले असें मात्र नाहीं, आणि तें लपवून ठेवणें चरित्रकाराच्या धर्मास शोभणार नाहीं. टाकळीचे थर ज्या काळाचे आहेत असें त्यांस वाटत होतें, त्याहून ते जुने निघाले. आज त्यांचें वय सुमारें साडेसहा कोटि वर्षें मानतात. आपल्या भागांतील कोळशाचे थर त्यांनीं ज्या युगांत घातले, त्याहून ते पुष्कळच प्राचीन ठरले. या वयाविषयीं त्यांचा कलकत्त्याच्या सरकारी शास्त्रज्ञांशीं मतभेद होता, व दोन्ही बाजूंनीं लेख प्रसिद्ध होत होते. परंतु त्यांनीं आपला पुरावा कधीं झांकून ठेवला नाहीं. जो दगड ज्या गांवीं मिळाला, त्याचें नांव त्यांनीं नमूद केलें, थर वरचा कीं खालचा हें लिहून ठेवलें, आणि नमुना सर्वांस पाहावयास खुला केला. म्हणून पुढच्या लोकांस त्यांची चूक सुधारतां आली. ज्याची चूक दुसऱ्यास सुधारतां येते त्याचे श्रम फुकट जात नाहींत.

त्यांचें लक्ष दगडांवरच खिळलेलें नव्हतें. दौऱ्यावर असतां गोंड, कोलाम, माडिया वगैरे रानांत राहणाऱ्या लोकांची भाषा, रीतिरिवाज व दैवतें यांची माहिती ते लिहून घेत. गोंडी शब्दांचे संग्रह त्यांनीं केले, आणि गोंडांच्या मूळपुरुषाची, म्हणजे लिंगोची, लांबलचक गाथा एका परधानाच्या तोंडून उतरवून घेतली. परधान हे गोंडांचे भाट. किनरीच्या सुरावर पिढ्यान्‌पिढ्या त्यांनीं ती गाथा कंठांत जपून ठेवली होती. ती कागदावर प्रथम उतरली ती या उद्योगानें. हिस्लॉप यांचे हे कागद त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ सालीं, सर रिचर्ड टेंपल यांनीं नागपुरांत छापून प्रसिद्ध केले.

या ठिकाणीं एक विचार आमच्या मनांत येतो. ज्या परधानानें गाथा सांगितली, ज्या गाडीवानानें पेट्या वाहिल्या, ज्या गुराख्यानें एखादा विचित्र दगड दाखविला असेल, त्यांचीं नांवें कोणत्याही लॅटिन शब्दांत आलेलीं नाहींत. मोठ्या माणसाच्या कीर्तीखालीं अशीं पुष्कळ नांवें गाडलेलीं असतात. हिस्लॉप यांचें चरित्र वाचतांना त्यांचेंही स्मरण ठेवणें हें आपलें कर्तव्य होय, कारण तीं माणसें आपल्याच खेड्यांतलीं होतीं.

आतां शेवटचा प्रसंग. नागपूरच्या दक्षिणेस सुमारें वीस मैलांवर टाकळघाट नांवाचें गांव आहे. तेथें माळावर मोठमोठ्या दगडांचीं वर्तुळें आहेत. प्राचीन काळच्या लोकांनीं आपल्या मृतांस पुरून त्यांभोवतीं असे दगड मांडले होते. आपल्या विदर्भांत अशीं स्थळें अनेक आहेत. १८६३ च्या पावसाळ्यांत त्या वर्तुळांचें खोदकाम पाहावयास टेंपल साहेब गेले, व त्यांनीं हिस्लॉप यांस बरोबर नेलें. ४ सप्टेंबरचा तो दिवस. दिवसभर पाहणी झाली. मंडळी परत फिरली, पण गांवच्या शाळेंतील मुलांची परीक्षा घ्यावयाची म्हणून हिस्लॉप मागें राहिले, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. परततांना रात्र झाली. वाटेंतील नाल्यास मध्यंतरीं पूर आला होता. कांहीं वेळानें त्यांचा घोडा एकटाच मुक्कामावर आला. लोक मशाली घेऊन धांवले. परंतु व्हावयाचें तें होऊन गेलें होतें. चार दिवसांनीं त्यांस ४६ वें वर्ष पुरें होणार होतें. आयुष्यभर शाळा आणि दगड या दोहोंवर प्रेम करणाऱ्या त्या माणसाचा शेवटचा दिवस सकाळीं दगडांत व सायंकाळीं शाळेंत गेला. तो शाळेसाठीं मागें राहिला नसता तर वांचला असता, असें कोणी म्हणेल. आम्ही इतकेंच म्हणतों, कीं तो न थांबता तर तो हिस्लॉप नव्हता.

त्यांच्यामागें काय उरलें? १८७० नंतरच्या दशकांत वरोऱ्यास सरकारी कोळशाची खाण चालू झाली, आणि वर्धेच्या खोऱ्याची शास्त्रीय पाहणी होऊन १८७७ सालीं तिचा मोठा वृत्तांत निघाला. या कोळशाच्या व वालुकाश्मांच्या थरांस गोंडांच्या भूमीवरून गोंडवन हें नांव मिळालें. त्यांतील ग्लोसोप्टेरिस नांवाच्या वनस्पतीचीं जिभेसारखीं पानें आफ्रिकेंत, ऑस्ट्रेलियांत, दक्षिण अमेरिकेंत आणि बर्फानें झांकलेल्या दक्षिण ध्रुवखंडांतही सांपडलीं. तेव्हां हे सारे खंड एके काळीं एकमेकांस जोडलेले होते, हा विचार पुढें आला. त्या महाखंडास आज सारें जग गोंडवन याच नांवानें ओळखतें. गडचिरोलीच्या दक्षिण टोंकास, सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या कांठीं, कोटा नांवाचें गांव आहे. तेथील चुनखडींतले प्राचीन मासे सर फिलिप एगर्टन यांनीं १८५१ सालींच वर्णिले होते. त्याच कोटा थरांतून, नदीपलीकडील तेलंगणाच्या भागांत निघालेल्या बॅरापासॉरस नांवाच्या अवाढव्य डायनोसॉरचें वर्णन भारतीय शास्त्रज्ञांनीं १९७५ सालीं प्रसिद्ध केलें. ज्या टाकळघाटाच्या वर्तुळांनीं हिस्लॉप यांचा शेवट पाहिला, तेथें सुमारें शंभर वर्षांनीं नागपूर विद्यापीठाच्या संशोधकांनीं पद्धतशीर उत्खनन केलें.

हॉटन यांच्या हिरव्या खड्यापासून निघालेली वाटही पुष्कळ पुढें गेली आहे. दगडाच्या कणांतील किरणोत्सारी द्रव्यें किती उरलीं हें मोजून त्याचें वय आतां काढतां येतें. टाकळीच्या काळ्या दगडाचें वय असेंच निश्चित झालें. १९५५ सालीं भूरसायनशास्त्रज्ञांची संस्था स्थापन झाली, आणि गोल्डश्मिट या थोर रसायनज्ञाच्या नांवानें १९८८ पासून त्यांचें जागतिक संमेलन भरत आलें आहे. त्यांत निरनिराळ्या देशांतील तरुण आपापल्या गांवचे दगड, माती व पाणी यांची हकीकत घेऊन येतात. हें शास्त्र पोटापाण्याशीं संबंध नसलेलें आहे असें पालकांनीं समजूं नये. चंद्रपूर जिल्ह्यांतील कित्येक गांवांत विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यांत फ्लोराइड प्रमाणाबाहेर आहे. लिटरमागें दीड मिलिग्रॅमपेक्षां अधिक फ्लोराइड असलेलें पाणी वर्षानुवर्षें पोटांत गेलें, तर मुलांच्या दांतांवर तपकिरी डाग पडतात, आणि पुढें हाडें व सांधे ताठर होतात. तें द्रव्य पाण्यांत येतें तें भूमींतल्या खडकांतूनच. कोणत्या थराचें पाणी पिण्याजोगें व कोणत्या थराचें टाकावें, हें सांगणारा मनुष्य दगडांचें रसायन जाणणाराच असला पाहिजे. असा मनुष्य आपल्याच जिल्ह्यांतील एखाद्या घरांतून कां निघूं नये?

आमच्या विद्यार्थ्यांस आमचें इतकेंच सांगणें आहे. हिस्लॉप यांस हा मुलूख परका होता. त्यांस येथील भाषा शिकावी लागली, येथील ऊन सोसावें लागलें, आणि येथील पुरांत प्राण द्यावा लागला. तुम्हांस हा मुलूख जन्मानें मिळालेला आहे. सुटींत गांवीं जाल तेव्हां नाल्याच्या कांठीं उघड्या पडलेल्या थरांकडे एकदां लक्षपूर्वक पाहा. वेगळा दगड दिसला तर तो कोठें व कोणत्या थरांत दिसला हें कागदावर लिहून काढा, त्याचें चित्र काढा, आणि आपल्या शास्त्राच्या शिक्षकांस दाखवा. मोठीं हाडें किंवा ठसे दिसले तर ते उखडूं नका. जागा तशीच राखून जाणत्यांस कळवा, कारण जागेवरून हललेला दगड अर्धा मुका होतो. आणि पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलाच्या खिशांत खडे सांपडले म्हणून त्यास रागावूं नये. डन्स गांवींही एक मुलगा असेच खडे घरीं आणीत असे.

मांगलीची कवटी लंडनास आहे. ती पाहावयास आपल्यापैकीं थोडेच जातील. पण ज्या भूमीनें ती दिली ती भूमि येथेंच आहे, आणि तिनें आपलें सारें भांडार अजून उघडलेलें नाहीं.